छत्री अंगणात का नको?

मैत्रिणींनो, पत्र्यावरची टीव्हीची छत्री जरा हलली की आपण काय करतो? घरातलं पुरुषमाणूस येईपर्यंत वाट बघतो, नाहीतर मेकॅनिकला फोन. तो येणार त्याच्या सवडीनं, आणि पैसे घेऊन जाणार. बचत गटाच्या निमित्तानं हिंडते तेव्हा हे घरोघरी दिसतं. दरमहा बिल नको म्हणून दूरदर्शनची फ्री डिश घ्यायची आणि वाचलेला पैसा असा घालवायचा, हे मला काही पटत नाही.

ही सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. त्याआधीचा माशाच्या काट्यासारखा अँटेना उंच बांबूवर बांधावा लागे, कारण प्रक्षेपण जमिनीवरच्या मनोऱ्यावरून यायचं. मध्ये डोंगर आला की पडद्यावर नुसत्या मुंग्या! ती जुनी प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत बहुतेक बंद झाली. फ्री डिशचा सिग्नल येतो जीसॅट-१५ या उपग्रहावरून. आपल्या नगर जिल्ह्यातून (कागदावर अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच) तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वर असतो. इतक्या वर, की अकोल्याकडचे डोंगरही सहसा आड येत नाहीत. आणि आग्नेय कुठली हे आपल्याला कुणी सांगायला नको, वास्तुशास्त्रवाले चूल तिथंच मांडायला लावतात.

मग छत्री पत्र्यावर कशाला? तिकडचं आभाळ मोकळं असेल तर अंगणातच पक्क्या पाइपवर, हात पोचेल अशी बसवा. उंचीनं सिग्नल वाढत नाही. शेवग्याची फांदी मात्र आड येते, ती छाटा.

चित्र अडकायला लागलं तर सेटिंगमध्ये दोन पट्ट्या दिसतात. त्यातली ‘क्वालिटी’ची बघायची, दुसरी छत्री चुकीच्या दिशेला असली तरी भरलेली दिसू शकते. नट सैल करून छत्री अगदी तसूभर हलवायची, मग थोडं थांबायचं. पेटीला वेळ लागतो. मुसळधार पावसात मात्र हात लावू नका. तेव्हा पाऊसच सिग्नल अडवतो, सर ओसरली की चित्र परत येतं.

आणि वाहिन्या गायब झाल्या म्हणून लगेच छत्रीला दोष नको. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, यादी बदलते. रिमोटवरून पुन्हा स्कॅन करून बघा.

पुढच्या वेळी मेकॅनिक आलाच, तर छत्री खाली उतरवून घ्या. नट कितीच्या पान्यानं फिरतो तेही विचारा, आणि तो पाना घरात आणून ठेवा.