पहिली लढाई आणि काळ्या दगडावरची रेघ

सावेडी हे आज नगरचे गजबजलेले उपनगर आहे. तेथून काही किलोमीटरवर असलेला भुईकोट किल्ला पंडित नेहरूंच्या बंदिवासामुळे सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील पहिला मोठा संघर्षही येथेच झाला, याचे स्मरण मात्र फारसे उरलेले नाही. लष्करी योजना किती घट्ट असावी, हा प्रश्न आज पुन्हा ऐरणीवर आला असताना त्या लढाईकडे पाहणे उद्बोधक ठरते.

८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीची फौज शिड्या घेऊन शहराच्या तटाला भिडली. तटावर पाय रोवण्यास जागाच नाही, हे वर चढल्यावर कळले. तेव्हा सैनिकांनी बुरुजातून वाट काढली. १२ ऑगस्टला किल्लाही पडला. वेलस्लीची तयारी काटेकोर होती. भरलेल्या नद्या मराठ्यांच्या घोडदळाला जखडून ठेवतील, हे हेरून त्याने पावसाळा निवडला, होड्यांची तजवीज केली आणि नगरला रसदीचे ठाणे केले. मात्र ठरलेला बेत त्याने काळ्या दगडावरची रेघ मानला नाही. कर्नल स्टीव्हन्सनसह २४ सप्टेंबरला हल्ला करायचा होता. शत्रू आदल्या दिवशीच असईजवळ दिसताच तो एकटाच लढला. विजय मिळाला, पण दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली. लवचिकपणाचीही किंमत असते.

ताठरपणाची किंमत याहून मोठी असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनची राजधानी झटपट पडेल, हे गृहीत धरून चढाई केली. होस्तोमेल विमानतळावरील पहिला डाव फसला, तरी मूळ आराखडा बदलला नाही. कीव्हच्या वाटेवर सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा ताफा खोळंबला आणि एप्रिलच्या प्रारंभी त्या आघाडीवरून माघार घ्यावी लागली.

भारताचा अनुभव वेगळा, पण बोध तोच आहे. संसदेवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झाले. आक्रमक कोअर सीमेवर पोहोचण्यास सुमारे तीन आठवडे लागले. तोवर आंतरराष्ट्रीय दडपण वाढले आणि अनुकूल क्षण निसटला. त्यातूनच २००४ मध्ये 'कोल्ड स्टार्ट'चा विचार पुढे आला. जुलै २०२५ मध्ये लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी जाहीर केलेल्या 'रुद्र' ब्रिगेडमागेही हेच सूत्र दिसते: पायदळ, रणगाडे, तोफा आणि ड्रोन एकाच तुकडीत सज्ज ठेवणे.

रणगाडा दल आणि यांत्रिक पायदळ या दोहोंची प्रशिक्षण केंद्रे नगरलाच आहेत, म्हणून या बदलाची खरी कसोटी येथेही लागेल. नवी रचना कागदावर उभी करणे सोपे आहे. पहिल्याच तासात आराखडा चुकला, तर पुढचा निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घेणारा तरुण अधिकारी घडवणे कठीण आहे. रसद आणि सराव यांत तसूभर ढिलाई नको. चालीत मात्र मोकळीक हवी. सव्वादोनशे वर्षांपूर्वी याच शहराने पराभव सोसून हा धडा पाहिला आहे.