विश्लेषण : ‘एजीआर’चा हिशेब तपासण्यास न्यायालयाचा वारंवार नकार, मग आता मुभा कशी?

व्होडाफोन आयडियाकडील २०१६-१७ पर्यंतची ‘एजीआर’ थकबाकी केंद्र सरकार नव्याने तपासू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०२५ रोजी स्पष्ट केले. हाच हिशेब पुन्हा तपासण्यास याच न्यायालयाने २०२० पासून वेळोवेळी नकार दिला होता. मधल्या काळात मूळ निकाल बदललेला नाही. मग बदलले काय?

‘एजीआर’चा वाद काय?

१९९९ च्या दूरसंचार धोरणानंतर कंपन्या ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा सरकारला देऊ लागल्या. हा वाटा ज्या रकमेवर मोजला जातो, ती ‘समायोजित एकूण महसूल’ अर्थात एजीआर. त्यात केवळ दूरसंचार सेवेचे उत्पन्न धरावे, असे कंपन्यांचे म्हणणे होते. भाडे, ठेवींवरील व्याज, लाभांश, अगदी भंगारविक्रीचे पैसेही धरावेत, असे दूरसंचार विभागाचे. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विभागाची बाजू उचलून धरली.

त्या वेळी परवाना शुल्कापोटी एकूण मागणी सुमारे ९२,६४० कोटी रुपयांची होती. त्यात मूळ शुल्क होते अवघे २३,१८९ कोटी. बाकी सगळे व्याज, दंड आणि दंडावरचे व्याज. क्रेडिट कार्डाचे बिल थकवलेल्यांना हे गणित ओळखीचे वाटेल.

नकार किती वेळा?

जानेवारी २०२० मध्ये पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने थकबाकी २०३१ पर्यंत दहा हप्त्यांत फेडण्यास परवानगी दिली, पण आकड्यांवर वाद घालता येणार नाही आणि फेरमूल्यांकनही होणार नाही, असे बजावले. व्होडाफोन आयडियाच्या बाबतीत विभागाचा आकडा होता ५८,२५४ कोटी. कंपनीचा स्वतःचा हिशेब २१,५३३ कोटी.

यानंतर कंपन्यांनी मागणी मर्यादित केली. निकाल मान्य, पण बेरीज तरी तपासा. काही नोंदी दोनदा धरल्या आहेत, भरलेली काही रक्कम वजा झालेली नाही, असे त्या सांगत होत्या. जुलै २०२१ मध्ये तेही फेटाळले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये क्युरेटिव्ह याचिका नामंजूर झाली. तो आदेश १९ सप्टेंबरला बाहेर आला आणि व्होडाफोन आयडियाचा समभाग एका दिवसात जवळपास २० टक्के आपटला. २०२१ च्या आदेशाविरुद्धची पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये, तर व्याज व दंड माफ करण्याची मागणी मे २०२५ मध्ये फेटाळली गेली.

याचिका फेटाळली म्हणजे हिशेब बरोबर ठरला का?

नाही. इथेच अनेकदा गफलत होते. पुनर्विचार याचिकेत प्रकरण नव्याने ऐकले जात नाही. निकालात उघड दिसणारी चूक आहे का, एवढेच साधारणपणे न्यायमूर्तींच्या दालनात कागदपत्रांवरून पाहिले जाते. २००२ च्या रूपा हुर्रा प्रकरणातून आलेल्या क्युरेटिव्ह याचिकेची चौकट त्याहून अरुंद आहे. बाजू ऐकूनच घेतली नाही किंवा न्यायमूर्तींच्या निःपक्षपातीपणावर शंका आहे, अशा कारणांसाठीच ती आहे. विभागाच्या बेरजेतली चूक त्यात बसवणे कठीण.

शिवाय न्यायालयाला एक धास्ती होती. चूकदुरुस्तीच्या नावाखाली कंपन्या निकालच पातळ करतील, ही. कंपन्यांना स्वतःचा हिशेब मांडू दिल्याबद्दल मार्च २०२० मध्ये न्यायालयाने खुद्द दूरसंचार विभागालाही खडसावले होते. परिणामी २०२० च्या आदेशातला आकडा जणू दगडावर कोरला गेला. त्यात खरेच चूक आहे का, याचे उत्तर कोणीच दिले नाही.

मग मार्ग कसा निघाला?

न्यायालयाने हिशेब स्वतः तपासलेला नाही, सरकारला तपासू दिला आहे. मे २०२५ च्या सुनावणीतच, सरकारला मदत करायची असेल तर आम्ही आड येणार नाही, असे खंडपीठाने म्हटले होते. ऑक्टोबरमध्ये सरकारच्या वतीने महान्यायअभिकर्ता तुषार मेहता यांनी परिस्थिती बदलल्याचे सांगितले. फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटींच्या, तर एप्रिल २०२५ मध्ये ३६,९५० कोटींच्या देण्यांचे समभागांत रूपांतर झाले आणि सरकारचा हिस्सा ४८.९९ टक्क्यांवर गेला. सुमारे २० कोटी ग्राहकांचे हितही होतेच. हा धोरणाचा विषय आहे, असे म्हणत सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने मुभा दिली. २०२४ मध्ये क्युरेटिव्ह याचिका नामंजूर करणाऱ्या खंडपीठातही न्या. गवई होते.

म्हणजे ज्याने थकबाकी मागायची, तोच आता थकबाकीदार कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक. फेरतपासणीही त्याच्याच हाती. कर्जदार बुडाला तर सावकाराचेही भांडवल जाणार, अशी ही गाठ आहे.

एअरटेलचे काय?

हा आदेश व्होडाफोन आयडियाच्या विशिष्ट परिस्थितीपुरता आहे. एअरटेलचीही तक्रार जवळपास तशीच आहे. विभागाचा आकडा ४३,९८० कोटी, कंपनीचा १३,००४ कोटी. मे २०२५ मध्ये तिची याचिकाही त्याच दिवशी फेटाळली गेली. मात्र एअरटेलमध्ये सरकारचा असा हिस्सा नाही. एका कंपनीची बेरीज तपासायची आणि दुसरीची नाही, हे कोणत्या निकषावर, याचे उत्तर दूरसंचार विभागाला द्यावे लागेल.