जट देवीची असो की हौसेची, मान तुमचीच आहे

हुबळी-धारवाडात जट दोन तऱ्हेची दिसते. एक कॉलेजातल्या पोरापोरींची, हौसेनं पैसे मोजून करून घेतलेली. दुसरी घरातल्या आई-मावशीची. ती नकळत झालेली असते आणि मग देवीची म्हणून राखलेली. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर धारवाडहून चाळीसेक किलोमीटरवर. त्यामुळे ही दुसरी जट इथल्या घरांना नवी नाही. कानडी शेजारीण तिला जडे म्हणते, आपण जट म्हणतो.

श्रद्धेचा वाद आज बाजूला ठेवू. आज बोलू मानेबद्दल.

माणसाचं डोकंच साडेचार-पाच किलोचं. मान ते दिवसभर तोलते. त्यात मागं जटेचं ओझं लोंबलं की मान पुढं काढून चालायची सवय लागते. खांदे वर चढतात. संध्याकाळी पाठ भरून येते. आपण म्हणतो, वय झालं. सगळंच वयाचं नसतं, ओझ्याचंही असतं.

जट राखायची असेल तर निदान एवढं सांभाळा.

आधी निजणं बघा. जट मानेखाली घेऊन झोपू नका. तिच्यावर डोकं टेकलं की मान रात्रभर वाकडी राहते. जट उशीच्या वरच्या अंगाला मोकळी सोडा. कुशीवर निजत असाल तर कान आणि खांदा यांच्यामधली पोकळी भरेल एवढीच उशी घ्या.

मग बांधणं. डोक्यावर उंच, घट्ट अंबाडा दिवसभर ठेवू नका. त्यानं मान आखडते आणि मुळं ओढली जाऊन केस कायमचे जाऊ शकतात. जट लांब असेल तर दोन भाग करून दोन्ही खांद्यांवरून पुढं घ्या. फारच जड असेल तर सुती कापडाच्या झोळीत घालून झोळी खांद्याला किंवा कमरेला बांधा. भार अंगावर येऊ द्या, केसांच्या मुळांवर नको.

वाकताना जट आधी पाठीशी खोचा. नाहीतर ती एकदम पुढं येते आणि मानेला हिसका बसतो. नळावर घागर उचलताना गुडघ्यात वाका. जटेचीच चुंबळ करून वर घागर ठेवायची, हे तर मुळीच नको. भाकरी थापायला बसलात तर बुडाखाली पाट घ्या. अधूनमधून थांबून खांदे सैल सोडा.

धुण्याला भिऊ नका. ‘जटेला पाणी लावायचं नाही’ म्हणतात, पण घाम, धूळ आणि भंडारा साचला की खाज सुटते, फोड येतात. धुवायचं ते उन्हाच्या दिवशी, सकाळी. बादलीवर ओणवं होऊ नका. स्टुलावर ताठ बसा आणि कुणाकडून तरी पाणी घालून घ्या. ओली जट फार जड होते, म्हणून लगेच पंच्यानं दाबून पाणी काढा. पूर्ण वाळल्याशिवाय बांधू नका, निजूही नका. धारवाडच्या पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा पंख्याखाली बसा. ओल आत राहिली की कुबट वास येतो आणि बुरशी धरते.

मान अवघडली तर जट सोडून बसा. खांदे सावकाश गोल फिरवा. कान हळूच खांद्याकडे न्या, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. कोमट शेक घ्या. कुणाकडूनही मानेचा कडका काढून घेऊ नका. कडकन आवाज आला म्हणजे मान सुटली असं नाही. कधी त्यात कायमची इजा होते.

हाताला मुंग्या येत असतील, हातातून वस्तू निसटत असतील, चालताना तोल जात असेल तर थांबू नका. डोक्यातून पू किंवा घाण वास येत असेल, ताप असेल, तरीही तेच. हुबळीचं केएमसीआरआय (पूर्वीचं किम्स) किंवा धारवाडचं सरकारी रुग्णालय गाठा. डॉक्टरला जट दाखवायला लाजू नका.

आता जट होते कशी, हेही जाणून घ्या. आपले रोज पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरलं तर ते फणीत येतात. नाही विंचरलं तर तिथंच अडकतात. त्यात तेल, धूळ आणि घाम मिसळला की गुंता घट्ट होत जातो. केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे दहा वर्षांत चार फूट. आजारपणात, बाळंतपणात, मन खचलेलं असताना विंचरणं राहून जातं आणि तिथंच सुरुवात होते. मन खचलेलं असेल तर धारवाडला डिमहान्स हे मनाच्या आजारांचं सरकारी रुग्णालय आहे. तिथं दाखवायला संकोच कसला?

म्हणून लहान मुलीच्या केसांत गुंता दिसला तर तेल लावा, बोटांनी सोडवा, नाही सुटला तर तेवढाच कापा. तिला कुणापुढं नेऊन ‘देवीचं बोलावणं आलं’ असं वदवून घेऊ नका. त्याच वाटेनं कितीतरी मुली देवीला सोडल्या गेल्या. कर्नाटकात 1982 च्या कायद्यानं तो गुन्हा ठरवला. तसं कुठं घडताना दिसलं तर 1098 वर फोन करा.

आणि ओझं नकोसं झालं असेल तर? केसाच्या लांबीत जीव नसतो. कापताना रक्त येत नाही, दुखत नाही. एकदम सगळी काढायला मन धजत नसेल तर कमरेपर्यंतची जट खांद्यापर्यंत आणा. निम्मं वजन उतरेल. कापलेली देवीला वाहायची असेल तर वाहा.

महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम वर्षानुवर्षं करतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांची जट काढली आहे. आधी बोलायचं, भीती ऐकून घ्यायची, होकार आला की मगच कात्री, ही त्यांची रीत. घरातही तीच ठेवा. झोपेत किंवा जबरदस्तीनं कुणाची जट कापू नका. पुढं घरात कुणी आजारी पडलं तर तो बोल ती बाई आयुष्यभर स्वतःला लावून घेईल.

देवीच्या जटेबद्दल कुरकुर करणं पाप, असं मानून बायका वर्षानुवर्षं गप्प राहतात. म्हणून त्या सांगतील याची वाट बघू नका. आज रात्री अंथरूण घालताना आईला तुम्हीच विचारा, ‘मान दुखते का गं?’ उशी मग तिच्या उत्तराप्रमाणे लावा.