विश्वाच्या इतिहासाचा वर्ग जुन्नर तालुक्यात

रशियाच्या इतिहासाचे अभ्यासक डेव्हिड ख्रिश्चन यांनी १९८९ मध्ये सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात खगोल, भूगर्भ, जीव आणि समाज या विविध शास्त्रांतील अध्यापकांना पाचारण करून विश्वाच्या उत्पत्तीपासून वर्तमानापर्यंतचा इतिहास एकाच अभ्यासक्रमात शिकविण्याचा उपक्रम सुरू केला, त्यास पुढे ‘बिग हिस्टरी’ हे नाव मिळाले. नव्या शैक्षणिक धोरणाने आपल्या पदवीच्या विद्यार्थ्यांस अन्य विद्याशाखेतील विषय घेण्याची मुभा दिली असल्याने, तसा अभ्यासक्रम आपल्याकडे न आखण्यास आता कोणतीही सबब उरलेली नाही.

तो अवश्य आखावा. मात्र १३८० कोटी वर्षांची कहाणी आरंभापासून अखेरपर्यंत सांगत सुटू नये. अशी कहाणी कितीही भव्य वाटली तरी विद्यार्थ्याला ती केवळ श्रद्धेनेच स्वीकारावी लागते, आणि ‘हे कळले कसे?’ हा विद्येचा मूळ प्रश्न बाजूस राहून शास्त्राच्या नावाने एक नवे पुराण तेवढे निर्माण होते. आरंभ पुराव्यापासून व्हावा, आणि तो पुरावा शक्यतो आपल्या पायाखालचा असावा.

या दृष्टीने एकटा जुन्नर तालुका पाहावा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने खोडद परिसरात उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी टिपलेला एका दूरस्थ दीर्घिकेतील हायड्रोजनचा संदेश २०२३ मध्ये जाहीर झाला. तो सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपला सूर्यही जन्मास आलेला नसताना, निघालेला होता. मूळची २१ सेंटिमीटरांची ती लहर विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन सुमारे ४८ सेंटिमीटरांची झाली होती. हे गुणोत्तर कला शाखेची विद्यार्थिनीही वहीत मांडू शकते, आणि ते मांडताच प्रसरण ही तिच्यासाठी ऐकीव गोष्ट राहत नाही.

त्याच तालुक्यातील नाणेघाटात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने घडलेल्या बेसॉल्टमध्ये कोरलेल्या लेण्याच्या भिंतींवर, राणी नागनिकेच्या नावाशी निगडित असा सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची नावे आहेत आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणे यांची मोजदाद अंकांत केलेली आहे. कोकणच्या बंदरांतून वर येणारा माल या घाटाने का चढे, हे सह्याद्रीची भिंत कशी घडली ते जाणल्यावाचून कळत नाही. आणि दानाला एवढे द्रव्य कोठून आले, हे त्या मालाच्या वाटेचा विचार केल्यावाचून उलगडत नाही. येथे भूशास्त्राचा अध्यापक आणि पुरालेखांचा अध्यापक यांनी एकाच भिंतीसमोर उभे राहून बोलावे, यापेक्षा उत्तम तास मला सुचत नाही.

याहूनही मोलाची जागा म्हणजे कुकडीकाठचे बोरी. तेथे ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली आहेत. परंतु ही राख सुमात्रातील तोबा ज्वालामुखीच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातील, की कित्येक लक्ष वर्षे अधिक जुनी, याविषयी निरनिराळ्या पद्धतींनी निरनिराळे निष्कर्ष निघाले आहेत. त्यातील एकच आकडा पाठ करून घेण्याऐवजी ही तफावत विद्यार्थ्यांपुढे जशीच्या तशी ठेवावी. किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय कसे काढतात, राखेतील काचकणांचे रासायनिक घटक काय सांगतात आणि नदीच्या गाळात थर उलटेपालटे कसे होतात, हे तिन्ही विचार त्यांना एकत्र करावे लागतील. विद्याशाखा परस्परांशी खऱ्या अर्थाने बोलतात त्या अशा वादस्थळी. पाहुण्या वक्त्यांची आठ व्याख्याने ओळीने ठेवल्याने ते साधत नाही.

ही योजना अडेल ती पैशापायी किंवा पाठ्यपुस्तकापायी नव्हे, तर वेळापत्रकाच्या तक्त्यापायी. दोन अध्यापक एका वर्गात एकाच वेळी शिकवू लागले, की ती तासिका कोणत्या विभागाच्या कार्यभारात धरावयाची, हा वाद उपस्थित होतो. आणि बहुतेक चांगले संकल्प त्या दप्तरातच विरून जातात. म्हणून विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना आणि प्राचार्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, अशा संयुक्त तासिका दोन्ही अध्यापकांच्या कार्यभारात पूर्ण धरण्याची तरतूद प्रथम करावी, वर्षातून एक क्षेत्रभेट सक्तीची करावी, आणि हा विषय मराठीतून शिकविण्यास व परीक्षेत मराठीतून लिहिण्यास निःशंक परवानगी द्यावी.