सेवेचा प्रवासखर्च

युरोप-अमेरिकेतील कॅथलिक युवक मंडळे आपल्या तरुण सभासदांना सुट्टीच्या काळात आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील गरीब वस्त्यांत दोन-चार आठवड्यांच्या सेवेसाठी पाठवितात. शाळेची भिंत रंगवावी, मुलांना चार गाणी शिकवावीत आणि परत जावे, असा हा क्रम असतो. या उपक्रमाचे मोल ठरविताना आपल्याकडे दोनच सूर निघतात. एक म्हणतो, हा धर्मांतराचा कावा आहे. दुसरा म्हणतो, परमुलुखातील गरिबांसाठी घाम गाळणारी ही मुले धन्य होत. दोन्ही सूर मूळ प्रश्नाला बगल देतात.

पहिल्या सुराचा समाचार थोडक्यात घेता येईल. गोरा तरुण दिसताच ज्यांना धर्म आठवतो, ते परदेशी भांडवलाच्या स्वागताला मात्र कमानी उभारतात. माणूस बाहेरून आला हा काही गुन्हा नव्हे. १९३४ च्या भूकंपानंतर स्वित्झर्लंडचे शांततावादी पिएर सेरेझोल बिहारात आले आणि गावे पुन्हा उभारण्याच्या कामात सहकाऱ्यांसह राबले. स्विस जेझुइट फादर हर्मन बाकर १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यांनी अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, दुष्काळी गावांत कित्येक दशके काम केले. त्यांच्या पाणलोट कार्यक्रमाला जर्मनीचा पैसा होता. पण चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान यांचा निर्णय गावकऱ्यांनी स्वतः घ्यावयाचा, ही अट होती. डोंगर खणले ते गावाच्या हातांनी.

मुद्दा येथेच आहे. बाकर यांनी मराठवाड्याच्या वेशीवर श्रम आणले नाहीत, कारण श्रमांची येथे कधीच वाण नव्हती. जो प्रदेश दरवर्षी ऊसतोडीसाठी आपली माणसे कोयत्यासह बाहेर धाडतो, त्या प्रदेशात अकुशल श्रम विमानाने आणणे हा अर्थशास्त्राचा कोणता न्याय? हिशेबच मांडू. एका स्वयंसेवकाच्या परतीच्या विमानप्रवासाला समजा ६० हजार रुपये लागले. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे त्या तिकिटाच्या पैशात एका मजुराचे दोनशे दिवस निघतात. तो भिंतही अधिक चांगली रंगवील.

मग हा खर्च होतो कशासाठी? तो होतो पाहुण्याच्या अनुभवासाठी. आपली गरिबी हा येथे कच्चा माल. त्यातून तयार होणारे समाधान पाहुणा आपल्या देशी घेऊन जातो. हे कटू सत्य सांगावयास कोणी नास्तिक लागला नाही. इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूंनी १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर बजावले की, पाहावयास या, शिकावयास या, उपकार करावयास येऊ नका.

शिवाय ही वाट दीर्घकाळ एकेरीच राहिली. जर्मन सरकारने २००८ मध्ये ‘वेल्टवेर्ट्स’ ही योजना काढून आपल्या तरुणांना दक्षिणेकडील देशांत धाडण्यास आरंभ केला; त्या देशांतील तरुणांना जर्मनीत स्वयंसेवक म्हणून बोलावण्याची तरतूद तिच्यात आली ती २०१३ मध्ये. सेवा करण्याचा अधिकारसुद्धा पारपत्राच्या रंगावर ठरावा, याला समता म्हणत नाहीत.

आता वाळूजकडे पाहा. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे येथील औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली आणि आतच झोपलेले सहा कामगार मेले. त्यांना रंगविलेली भिंत नको होती. त्यांना कारखान्याबाहेर निवारा हवा होता, सुरक्षेचे नियम मोडणाऱ्याला धाक बसविणारी तपासणी हवी होती आणि ‘आम्ही येथे झोपणार नाही’ असे म्हणण्याचे बळ देणारी संघटना हवी होती. यातले काहीही दोन आठवड्यांच्या सेवेतून निर्माण होत नाही, मग सेवक कोणत्याही देशाचा वा धर्माचा असो.

म्हणून आपली भूमिका स्वच्छ असावी. येणाऱ्याला मज्जाव नको. पण त्याने येथील संघटनेच्या निमंत्रणावरून यावे, मराठी शिकावी, निदान वर्षभर राहावे आणि आपल्या कामाचा जाब वस्तीला द्यावा. त्याला येथे जितके खुले दार, तितकेच वाळूजच्या कंत्राटी कामगाराच्या मुलीला त्याच्या देशात असावे.

हीच कसोटी प्रथम आपल्याला लागू आहे. साथींनो, औरंगाबाद शहरातून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, वाळूजला यावयास तासभरही पुरे होतो. त्यासाठी विमान लागत नाही, पारपत्र लागत नाही. तरीही रांजणगावच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांपैकी किती जणांना आपल्या पक्षाचा एकतरी कार्यकर्ता नावाने ओळखतो? परदेशी पाहुणा दोन आठवडे तरी थांबतो. आपण सभेपुरते येतो आणि शेवटची बस पकडतो.