गाळ काढावा; पण टाकावा कोठे?

पावसाळा लागला की वेरूळची येळगंगा कड्यावरून उडी घेते आणि तो धबधबा पाहावयास लेण्यांपाशी गर्दी लोटते. ते पाणी तांबूस का, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो. येळगंगा शिवनेस मिळते, शिवना गोदावरीस. आणि वेरूळच्या उतारावरून सुटलेली माती अखेर पैठणच्या नाथसागराच्या तळाशी जाऊन बसते.

१९७६ साली पूर्ण झालेल्या या जलाशयाची एकूण साठवणक्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर धरलेली होती. तेव्हापासून दर पावसाळ्यात त्यात गाळाची भर पडत आहे. संभाजीनगरची तहान याच पाण्यावर भागते. म्हणून गाळ उपसावा ही मागणी रास्तच आहे. तथापि उपसणे हे अर्धेच काम होय.

तळ ढवळला म्हणजे पाणी गढूळ होते, माशांची अंडी चिखलाखाली दडपतात आणि तळाशी बसलेले खतांचे व सांडपाण्याचे अंश पुन्हा पाण्यात मिसळतात. १९८६ पासून हा जलाशय पक्षी-अभयारण्य आहे. त्याचा उथळ, चिखलट काठ हेच पाणपक्ष्यांचे अन्नछत्र. बरे, काढलेला गाळ काठावरच रचला, तर पुढच्या पुरात तो मुकाट्याने परत येतो. चिपळुणास जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठीचा गाळ उपसावयास घेतला, तेव्हा तो ठेवावा कोठे, हा पेच तेथेही पडलाच.

शेतात पसरलेला गाळ हा कचरा नव्हे, कस आहे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमागील हा विचार आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. परंतु गाळाच्या नावाखाली वाळूच उचलली गेली, तर शेतकऱ्याच्या हाती काही लागणार नाही. खड्डे आणि ढासळलेले काठ तेवढे नदीच्या वाट्यास येतील.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. उपशापूर्वी गाळाची तपासणी व्हावी. माशांच्या विणीचा व पाहुण्या पक्ष्यांचा काळ वर्ज्य असावा. आणि किती गाळ कोणत्या शिवारात गेला, हे गावोगावच्या चावडीवर लिहिले जावे. याहूनही महत्त्वाचे म्हणजे वेरूळच्या उतारावर बांध घालावेत, झाडे राखावीत. वर दुर्लक्षिलेली माती खाली यंत्रे लावून उपसत बसणे, हा शहाण्या गृहस्थाचा संसार नव्हे.