हॉटेलच्या बिलातला ‘सर्व्हिस चार्ज’ द्यावाच लागतो का?

अवसरी बुद्रुकहून लग्नाचा बस्ता बांधायला पुण्यात लक्ष्मी रोडला गेले, की एक जेवण शहरातल्या हॉटेलात होतेच. समजा, मेनूकार्डप्रमाणे जेवण २,००० रुपयांचे झाले आणि बिल आले २,३१० रुपयांचे. वरचे ३१० रुपये कशाचे?

जीएसटी : साध्या हॉटेलात, एसी असो वा नसो, ५ टक्के. म्हणजे १०० रुपये. हा सरकारी कर आहे.

सर्व्हिस चार्ज : हा कर नाही; हॉटेल स्वतःच लावते. १० टक्क्यांनी २०० रुपये, वर त्यावरच्या जीएसटीचे १० रुपये.

नियम काय सांगतो?
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार हा चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही घेता येत नाही. हॉटेल संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या. वेटरला खुशीने टिप द्यायला अर्थातच मनाई नाही.

मग काय करायचे?
परतीची एसटी गाठायची घाई आणि वाद नको ही भावना, यामुळे अनेकदा बिल न वाचताच पैसे दिले जातात. आधी बिल वाचा. चार्ज दिसला तर काढायला सांगा. नकार मिळाला, तर बिलाचा फोटो जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. गावी परतल्यावरही ती करता येते.